शिक्षकाच्या तयारीचे तास कुठे गेले?

शिक्षकांसाठी ताणतणाव व्यवस्थापनाची सत्रं आता सर्रास भरतात. कधी प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी जेवणानंतर, कधी शिक्षक दिनाच्या निमित्ताने, कधी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. वक्ते मनापासून बोलतात. दीर्घ श्वास घ्या, रोज चाला, सकारात्मक राहा, स्वतःसाठी वेळ काढा. यातलं काही चुकीचं नाही. श्वासाने छातीतली धडधड खरंच कमी होते, चालण्याने झोप खरंच सुधारते. माझी हरकत शेवटच्या सल्ल्याला आहे. ज्याला वेळ काढायला सांगताय त्याचा वेळ कुणाच्या ताब्यात आहे, हे त्या सभागृहात कुणी विचारत नाही. सत्राचे फोटो आणि अहवाल त्याच संध्याकाळी पाठवायचे असतात, म्हणजे ताण कमी करायला बोलावलेल्या माणसाच्या माथी आणखी एक काम येतं.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग. इतक्या वर्षांत माझं मत पक्कं होत गेलंय. शिक्षकाने स्वतःची काळजी घ्यावी असं वाटत असेल, तर आधी त्याचे कायद्याने दिलेले तास त्याला परत द्या. योगासनं आणि ध्यान त्याच्यानंतर.

हे तास मी माझ्या मनाने मागत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याला एक परिशिष्ट आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास, असं त्यात म्हटलं आहे. त्याच परिशिष्टात शिक्षकाच्या आठवड्याच्या कामाचे किमान तास दिले आहेत: ४५. आणि हे ४५ तास शिकवणं आणि शिकवण्याची तयारी मिळून आहेत, हेही तिथेच स्पष्ट लिहिलं आहे.

आता हिशेब करू. ८०० तास २०० दिवसांत म्हणजे रोज चार तास. सहा दिवसांचा आठवडा धरला तर २४ तास. वरच्या वर्गांना रोज साडेचार तासांच्या आसपास, म्हणजे आठवड्याला सुमारे २७. पंचेचाळिसातून हे वजा केले की १८ ते २१ तास उरतात. प्रत्यक्षात आमचा शिकवण्याचा वेळ या किमान आकड्याहून जास्त असतो, तरी कितीही ताणलं तरी आठवड्याला दहा-बारा तास तयारीसाठी शिल्लक राहायला हवेत. पाठ आखणं, साहित्य बनवणं, वह्या बघणं, मागे राहिलेल्या मुलाचा विचार करणं आणि हो, थोडा वेळ शांत बसणं, यासाठी. कायदा करणाऱ्यांना हे कळत होतं की शिकवणारा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग शिकवू शकत नाही.

ते दहा-बारा तास कुठे जातात, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शिक्षकाला विचारा. दुपारी साडेतीनला मोबाइल वाजतो. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर संदेश असतो: 'अतितातडीचे. सोबतच्या लिंकवर आज पाच वाजेपर्यंत माहिती भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे.' माहिती बहुतेक वेळा आधी कुठल्या तरी पोर्टलवर भरलेलीच असते. यू-डायसवर असते, सरलवर असते, पोषण आहाराच्या अ‍ॅपवर रोज जात असते. तरी ती पुन्हा वेगळ्या तक्त्यात हवी असते, कारण वर कुणी तरी ती वेगळ्या तक्त्यात मागितलेली असते. मग एका हातात हजेरीपट, दुसऱ्या हातात मोबाइल, रेंज मिळावी म्हणून दारात उभं राहायचं आणि आत तिसरी-चौथीला सांगायचं, 'पान अठ्ठावीस शुद्धलेखन काढा'. आधार जुळत नाही म्हणून एखाद्या मुलाचं नाव अडकतं, अपार आयडी या विद्यार्थी ओळख क्रमांकासाठी पालकाचं संमतिपत्र राहिलेलं असतं, तांदळाचा शिल्लक साठा आणि नोंदवहीतला आकडा दोन किलोंनी जुळत नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला लिपिक नसतो, शिपाई नसतो. शाळेचं कुलूप उघडण्यापासून पाण्याची टाकी भरण्यापर्यंत सगळं दोघांनी करायचं. आहाराची चव घेऊन त्याची नोंद करायची, तीही आम्हीच.

पोषण आहार योजना मला प्राणापलीकडे महत्त्वाची वाटते. आमच्याकडे दुपारच्या खिचडीसाठी शाळेत येणारी मुलं आहेत आणि त्यांच्या ताटात काय पडतं हे शिक्षकाने बघायलाच हवं. पण बघणं वेगळं आणि ग्रॅमचा हिशेब ठेवणं वेगळं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिलेलं आहे की अध्यापनाशी थेट संबंध नसलेली कामं शिक्षकांना देऊ नयेत, आणि मध्यान्ह भोजनाच्या कामात ठरावीक किमान वेळेपेक्षा जास्त वेळ जाऊ नये. धोरणात लिहिलं, कायद्यात लिहिलं, राज्य शासनाने २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारीही केली. कागदावर आमची बाजू भक्कम आहे.

कायद्याचं कलम २७ तर अगदी मोजक्या शब्दांत आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, या तिन्हींपलीकडे शिक्षकाला शिक्षणेतर कामाला लावता येणार नाही. तरीही जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी हजारो शिक्षक घरोघरी मोबाइल घेऊन फिरत होते. सर्वेक्षण गरजेचं होतं की नव्हतं हा माझा मुद्दा नाही. वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर असताना वर्ग कुणाकडे होते, एवढंच मी विचारते.

निवडणुकीचं काम कायद्यात बसतं. त्याबाबत डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की मतदार याद्यांच्या कामाला शिक्षकांना सर्वसाधारणपणे सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशीच लावावं. मुलांच्या बाजूने हा निकाल योग्यच होता. पण त्याची दुसरी बाजू अशी की बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, असलेल्या शिक्षकाचा रविवार जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाच्या काळात वेगवेगळ्या राज्यांतून बीएलओंच्या मृत्यूच्या बातम्या येत राहिल्या. त्यांत शिक्षकही होते. प्रत्येक मृत्यूचं कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही, ते चौकशीनेच कळायचं. पण डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयालाच राज्यांना सांगावं लागलं की जादा माणसं द्या, या लोकांवरचा भार कमी करा. कामाच्या ओझ्याचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो, तेव्हा त्यावर 'सकारात्मक राहा' हे उत्तर पुरत नाही.

तयारीचा वेळ गेला म्हणजे नेमकं काय जातं, हे शाळेबाहेरच्यांना सहज दिसत नाही, म्हणून एक उदाहरण देते. तिसरीत तीन अंकी वजाबाकी असते. ५०३ मधून १२८ वजा करा. तिनातून आठ जात नाहीत, शेजारी हातचा मागायला जावं तर तिथे शून्य. इथे वर्गातली निम्मी मुलं अडतात. काही जण शून्याचे परस्पर दहा करतात, काही जण खालच्या आठातून वरचे तीनच वजा करून मोकळे होतात. नियम पाठ करून घेतला तर दोन दिवस उत्तर बरोबर येतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शतकाचा एक गठ्ठा सोडून त्याचे दहा दशक झाले, त्यातला एक दशक सोडून दहा सुट्या काड्या झाल्या, हे मुलाने स्वतःच्या हाताने रबर काढून केलं तरच ते डोक्यात बसतं. त्यासाठी शंभर-शंभर काड्यांचे गठ्ठे आदल्या दिवशी बांधून ठेवावे लागतात. आणि तिसरीची पोरं जमिनीवर काड्या सोडत असताना त्याच खोलीतल्या चौथीला वीस मिनिटं कुणाच्याही मदतीशिवाय करता येईल असं काम हवं. फार सोपं नको, नाही तर पाच मिनिटांत संपतं, फार अवघड नको, नाही तर 'बाई, हे कसं?' सुरू होतं. बहुवर्ग अध्यापन उभं राहतं ते या आदल्या दिवशीच्या तासावर.

तो तास लिंक भरण्यात गेला की दुसऱ्या दिवशी फळ्यावर दहा उदाहरणं येतात आणि 'उतरवून घ्या' येतं. शिक्षकाच्या मनावरचा खरा ताण मी इथे बघते. काम जास्त आहे म्हणून माणूस थकतो, पण एका रात्रीच्या झोपेने तो थकवा उतरतो. आपण आज वाईट शिकवलं आणि उद्याही वाईटच शिकवणार आहोत, हे कळत असूनही काही करता येत नाही, हे मात्र झोपेने उतरत नाही. जी शिक्षिका आपलं काम जितकं मनावर घेते तितकं हे तिला जास्त खातं. ज्याला मुलांचं फारसं पडलेलं नाही, त्याला हा त्रास होत नाही. म्हणजे ही व्यवस्था आपल्या सगळ्यात चांगल्या माणसांना आधी थकवते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, बर्नआउटची नोंद केली. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेला आणि नीट हाताळला न गेलेला ताण, असं त्याचं वर्णन आहे आणि तीन लक्षणं दिली आहेत: अंगातली शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. मला यातलं दुसरं लक्षण सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण ते मुलांवर निघतं. आधी परिपाठाला स्वतः गाणं म्हणणारे गुरुजी खुर्चीतून उठेनासे होतात. मुलाचा प्रश्न त्यांना आगाऊपणा वाटू लागतो. हात उचलला जातो. कायद्याच्या कलम १७ ने मारायला बंदी आहे आणि मारण्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. थकवा हे कारण असेल, सबब होऊ शकत नाही. पण ज्यांना वर्गातलं मारणं खरंच थांबवायचं आहे, त्यांनी त्या शिक्षकाचे मागचे सहा महिने कसे गेले हेही बघितलं पाहिजे.

याशिवाय एक ओझं आहे, ज्याची नोंद कुठल्याही पोर्टलवर होत नाही. आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की गावातली जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. मुलांनी मागे राहावं, आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून शाळा करावी, म्हणून आम्ही शिक्षक घरोघर जाऊन विनवण्या करतो. काही घरं ऐकतात. एका वर्षी अशीच एक मुलगी मागे राहिली. आईबाप रात्री ट्रॅक्टरवर बसून गेले आणि सकाळी ती शाळेत आली. दिवसभर तिने दप्तर मांडीवरून खाली ठेवलं नाही. वही काढ म्हटलं तर वही काढायची, लिहायची, पुन्हा दप्तरात घालून चेन लावायची. मधल्या सुट्टीत ताटही तिने दप्तरावर ठेवूनच घेतलं. तिला मागे ठेवा म्हणून तिच्या आईला मीच पटवलं होतं. शिक्षणाच्या दृष्टीने ते बरोबर होतं आणि आजही मी तेच सांगेन. पण त्या संध्याकाळी घरी जाताना माझ्या मनाचं काय झालं हे मी कुणाला सांगायचं? समुपदेशकांना त्यांच्या कामात वरिष्ठांशी नियमित बोलायची सोय असते. दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्याला आधार लागतो हे त्या व्यवसायाने मान्य केलंय. प्राथमिक शिक्षक दारुड्या बापाची, लग्न ठरवलेल्या सातवीतल्या पोरीची, अंगावर वळ घेऊन आलेल्या मुलाची गोष्ट ऐकतो आणि दुसऱ्या मिनिटाला हजेरी घेतो.

इथे नेहमीचा आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. शिक्षकांना पगार चांगला, सुट्ट्या भरपूर, नोकरी पक्की. ताण असेल तर तो शेतकऱ्याला आहे, ऊसतोड मजुराला आहे. हे म्हणणाऱ्या माणसाच्या जागी उभी राहिले तर मलाही असंच वाटेल. कायम नोकरीतल्या शिक्षकाला पगार चांगला आहे आणि तो आम्ही गावात राहून घेतो, त्याची जाण आम्हाला असलीच पाहिजे. रविवार सोडून वर्षाला ७६ सुट्ट्यांची मुभा आहे, हेही खरं. पण सगळे शिक्षक या चित्रात बसत नाहीत. नव्याने लागलेला प्राथमिक शिक्षणसेवक तीन वर्षं महिना १६,००० रुपये मानधनावर, बहुधा घरापासून तीनशे-चारशे किलोमीटर लांब काम करतो. अंशतः अनुदानित शाळांमधले शिक्षक वीस टक्के, चाळीस टक्के पगाराच्या टप्प्यांवर तारुण्य घालवतात. विनाअनुदानित इंग्रजी शाळांमधल्या शिक्षिकांना दहावी नापास झालेल्या कामगाराइतकंही मिळत नाही अशा जागा आहेत, आणि तिथे रात्री दहाला पालकांच्या ग्रुपवर उत्तर दिलं नाही तर सकाळी कार्यालयात बोलावणं येतं. त्यांना बोलायला संघटनाही नाही. आणि मुख्य म्हणजे चांगला पगार असला म्हणून वर्गातून शिक्षक काढून घेणं योग्य ठरत नाही. त्यात नुकसान त्या ऊसतोड मजुराच्याच पोराचं होतं, ज्याच्या नावाने आक्षेप घेतला जातो.

२०२५ पासून यात टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, भर पडली. १ सप्टेंबरच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. गुणवत्तेचा आग्रह मला मान्य आहे. पण वीस-पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं नोकरी जाईल या भीतीने रात्री बारापर्यंत प्रश्नसंच सोडवताना मी बघते आहे, आणि त्यांच्या उद्याच्या पाठाची तयारी त्याच रात्री व्हायची असते.

मग शिक्षकाने स्वतः काहीच करायचं नाही का? करायचं, आणि बरंच करता येतं. फक्त ते काय, याविषयी माझं मत सत्रांमधल्या यादीहून थोडं वेगळं आहे. शरीरापासून सुरुवात करू. आपलं हत्यार म्हणजे आवाज. चार वर्गांच्या गोंगाटावर आवाज चढवून शिकवणाऱ्याचा घसा पहिल्या सत्रातच बसतो. टाळी, घंटा, हाताची खूण, फळ्यावर काढलेलं चिन्ह, यांवर मुलांना शांत व्हायची सवय जूनमध्येच लावली तर वर्षभर घसा वाचतो. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर हळद-दुधावर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. शिक्षिकांचं आणखी एक दुखणं उघड बोललं जात नाही. कित्येक शाळांत शिक्षिकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, असलं तर पाणी नाही, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही असं बायका ठरवून टाकतात. त्यातून मूत्रमार्गाचे आजार होतात. या प्रश्नावर आत्मसंयमाचं व्याख्यान उपयोगाचं नाही, ग्रामपंचायतीकडून नळजोडणी उपयोगाची आहे, आणि ती मागणं हीसुद्धा स्वतःची काळजीच.

दुसरं, तातडी कुणाची हे ओळखायला शिकणं. ग्रुपवरचा प्रत्येक संदेश अतितातडीचा असतो, पण पूर आला, मूल हरवलं, कुणी आजारी पडलं, याखेरीज शाळा सुटल्यानंतर उत्तर दिलंच पाहिजे असं क्वचितच काही असतं. संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर ग्रुप बंद ठेवायला सुरुवात केली तेव्हा मला धाकधूक वाटली होती. सकाळी शाळेत जाऊन उत्तर दिलं तरी आभाळ कोसळलं नाही. अर्थात मी नोकरीत कायम आहे म्हणून मला हे जमतं. शिक्षणसेवकाला जमणार नाही, खाजगी शाळेतल्या मुलीला तर नाहीच. म्हणून ही वैयक्तिक धाडसाची गोष्ट राहता कामा नये. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कातून मोकळं राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत अशा हक्काचं खासगी विधेयक मांडलं होतं. कायदा होईल तेव्हा होईल, पण 'शाळेच्या वेळेनंतर माहिती मागवू नये' एवढा आदेश काढायला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना संसदेची वाट बघावी लागत नाही.

तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते म्हणजे बोलायला माणसं. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते. तिथे सूचना वाचल्या जातात, एखादा आदर्श पाठ होतो, चहा होतो. त्यातला पाऊण तास शिक्षकांना एकमेकांशी बोलायला मोकळा ठेवावा, अधिकाऱ्यांशिवाय, टिपण न घेता. माझ्या वर्गातलं एक मूल मला सापडत नाहीये, तुम्ही काय केलंत, एवढंच बोलायचं. आमच्या केंद्रात आम्ही काही जणी परिषद संपल्यावर झाडाखाली बसून हे करतो. ५०३ वजा १२८ ला काड्यांऐवजी खेळण्यातल्या नोटा वापरायची युक्ती मला तिथेच एका तरुण शिक्षिकेकडून मिळाली आणि ऊसतोडीच्या मुलीचं मी पहिल्यांदा तिथेच बोलले. कुठल्याही सत्रापेक्षा मला त्या बसण्याने बळ दिलंय.

आणि जिथे हे पुरत नाही, तिथे डॉक्टर. आठवडेच्या आठवडे झोप नाही, सकाळी शाळेचा विचार आला की पोटात गोळा येतो, जगणं नकोसं वाटतं, हे ताणाच्या पुढचं आहे आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. गावात बाईंना कुणी मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात बघितलं तर काय म्हणतील, ही भीती मला माहीत आहे. त्या भीतीपोटी माणूस गमावू नका, एवढंच मी कळकळीने सांगेन.

आता संघटनांकडे वळते. आपल्या शिक्षक संघटना दुबळ्या नाहीत. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, सप्टेंबर २०२४ मध्ये संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणाऱ्या, निर्णयाविरुद्ध शिक्षकांनी सामूहिक रजा घेतली. या मागण्या न्याय्य होत्या. पण मागण्यांच्या यादीत ४५ तासांचा हिशेब मला वरच्या ओळीत कधी दिसला नाही. अशैक्षणिक कामं बंद करा, हे वाक्य असतं, पण ते इतकं मोघम असतं की त्यावर आश्वासन देऊन मोकळं होता येतं. नेमकं मागा. प्रत्येक केंद्राला एक माहिती नोंदणी कर्मचारी, जो केंद्रातल्या दहा-बारा शाळांची सगळी पोर्टलं सांभाळेल. एकदा भरलेली माहिती दुसऱ्या विभागाने शाळेकडे न मागता त्या पोर्टलवरून घ्यावी, असा आदेश. पोषण आहाराचा साठा आणि हिशेब बचत गटाकडे, शिक्षकाकडे फक्त देखरेख. पगार आणि पेन्शनच्या प्रश्नावर समाज आपल्यापासून दूर उभा राहतो, तासांच्या प्रश्नावर तो आपल्या शेजारी उभा राहील, कारण ते तास त्याच्या मुलाचे आहेत.

पालकांच्या हातात तर आपल्यापेक्षा मोठी ताकद आहे आणि तिची त्यांना कल्पना नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात. केंद्र सरकारच्या २०१० च्या आदर्श नियमांनी या समितीला जी कामं दिली, त्यांत कलम २७ बाहेरच्या कामांचं ओझं शिक्षकांवर पडणार नाही हे बघणं, हेही एक काम आहे. समितीच्या बैठकांत खिचडी, गणवेश, छताची गळती यांवर चर्चा होते. या कामावर झालेली चर्चा मी फारशी ऐकलेली नाही. त्यासाठी लागतं ते थोडंच. मुख्याध्यापकांनी एका साध्या वहीत लिहून ठेवावं की या महिन्यात कुठल्या तारखेला, कुणाच्या आदेशाने, कुठल्या कामासाठी शिक्षक वर्गाबाहेर होता आणि किती वेळ. ती नोंद मासिक बैठकीत वाचावी, इतिवृत्तात घ्यावी, खाली उपस्थित आयांच्या सह्या आणि अंगठे घ्यावेत आणि प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्यावी. शिक्षकाने पाठवलेलं असं पत्र तक्रार म्हणून बाजूला ठेवता येतं. पालकांच्या सह्यांचा ठराव तसा ठेवता येत नाही, कारण त्याचं उत्तर न दिल्यास तो ग्रामसभेत वाचला जाऊ शकतो.